‘रद्द’ वेगळं, ‘बातल’ वेगळं

प्रश्न असा: “‘उच्च न्यायालयाने आमदाराची निवडणूक रद्दबातल ठरवली’ अशी बातमी वाचली. ‘रद्द’ म्हटल्यावर पुन्हा ‘बातल’ कशाला? ही द्विरुक्ती नाही का? आणि काही जण ‘रद्दबादल’ लिहितात, ते चालेल का?”

‘रद्दबादल’ असा शब्दच नाही, तो सोडा. मला त्याहून जास्त खुपते ती त्या वाक्यातली ‘निवडणूक’. आमदाराची असते ती निवड, निवडणूक मतदारसंघाची. निवडणूक याचिकेवर उच्च न्यायालय काय करू शकतं, हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९८ मध्ये लिहिलेलं आहे: याचिका फेटाळायची, निवडून आलेल्याची निवड रद्दबातल ठरवायची, किंवा त्यापुढे जाऊन याचिकाकर्त्याला नाहीतर दुसऱ्या एखाद्या उमेदवाराला निवडून आल्याचं जाहीर करायचं. हे शेवटचं झालं तर मतदान होतं तिथेच राहतं, फक्त विजयी माणूस बदलतो. मग रद्द झाली ती निवडणूक कशी?

चंदीगडचं महापौरपद आठवा. ते प्रकरण या कायद्याखालचं नव्हतं, पण फरक तिथे लख्ख दिसतो. ३० जानेवारी २०२४ ला पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. ज्या खुणांमुळे त्या पत्रिका बाद ठरल्या, त्या खुणा त्यानेच केलेल्या होत्या. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती आठ मतं ग्राह्य धरली, १२ ची २० झाली. अख्खी निवडणूक मोडीत काढायला न्यायालयाने नकार दिला होता. त्याला ‘निवडणूक रद्द’ म्हणणं म्हणजे निकालाच्या नेमकं उलट सांगणं.

आता ‘बातल’. दोन्ही शब्द अरबी. ‘रद्द’ म्हणजे मुळात परत पाठवणं, फिरवणं. आपली ‘रद्दी’ त्यातलीच. ‘बातिल’ म्हणजे खोटं, निर्बळ, ज्याला अस्तित्वच नाही असं. आणि अरबीत या ‘बातिल’च्या समोर उभा राहणारा शब्द कोणता? ‘हक्क’! सत्य तो हक्क, असत्य ते बातिल. आपण ‘हक्क’ घेतला, त्यावरून ‘नाहक’ घेतला, ‘हकनाक’ घडवला, आणि त्या जोडीतला दुसरा भिडू कोर्टाच्या भाषेत ‘रद्द’च्या मागे उभा केला. मतदानाचा हक्क आणि बातल ठरलेली निवड हे मुळातले विरुद्धार्थी शब्द आहेत. मला हे कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

शालेय व्याकरणं ‘रद्दबातल’ला ‘बाजारहाट’, ‘कागदपत्र’ या समानार्थी जोड्यांच्या रांगेत बसवून मोकळी होतात. मला हे साफ अमान्य आहे. ‘रद्द’मध्ये परत पाठवणं आहे. १९७७ साली फिरोजपूर लोकसभा मतदारसंघात निवडणूक आयोगाने मतदानच रद्द करून नव्याने घ्यायला लावलं. प्रश्न मतदारांकडे परत गेला. हे ‘रद्द’. १२ जून १९७५ ला न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीतली निवड मोडली. ती मुळातच नव्हती असं ठरवलं. (सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ७ नोव्हेंबरला फिरवला.) हे ‘बातल’.

आणखी पुढे जातो. इस्लामी कायद्याची हनफी शाखा ‘बातिल’ आणि ‘फासिद’ वेगळे मानते. बातिल करार मुळातच नाही. फासिद कराराला मूळ आहे, पण दोष लागलेला. ‘दंगाफसाद’मधला ‘फसाद’ याच धातूचा! आता लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०० वाचा. उमेदवार अपात्र होता, त्याने स्वतः भ्रष्ट आचार केला, कुणाचा अर्ज गैररीत्या फेटाळला गेला: यातलं काहीही सिद्ध झालं की निवड गेली. पण मतं चुकीची स्वीकारली किंवा नियम मोडला, तर त्यामुळे निकालावर खरोखर परिणाम झाला हेही दाखवावं लागतं. पहिले तीन दोष बातिल, हे उरलेले फासिद. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही, पण इतकी चपखल शब्दजोडी आपल्याकडे आयती पडून आहे.

काही भाषाशुद्धीवाले ‘रद्दबातल’ काढून ‘शून्य’ घाला म्हणतात. ‘अमुक यांची निवड शून्य’ हे मतमोजणीच्या बातमीत वाचून पाहा. वाचणारा आधी मतंच शोधेल.