नव्या बाळाला जुनी साडी का?

सई बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, मंजूमावशीच्या बाळाला आज्जी पणजीची जुनी इरकल फाडून दुपटं शिवणार म्हणते. नव्या बाळाला जुनं कापड? घाण नाही का ते? आपल्याकडे पैसे नाहीत का?" मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे आज्जी स्वयंपाकघरातच होती आणि तिने ऐकलं असणार. मी "नंतर बोलू" म्हणून विषय बदलला. प्रश्न मला लागला, पण तू वावगं काही विचारलं नाहीस. इथे टोरोंटोत बाळाची प्रत्येक वस्तू दुकानातून कोरी करकरीत येते, मग तुला असं वाटणारच.

पैशांचं आधी सांगते. आपल्या सोलापूरच्या दक्षिण कसब्यातल्या घरात एके काळी काटकसर ही गरजच होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण सोलापुरात कापडाचा तुटवडा कधीच नव्हता. जुनी मिल 1877 सालची. पूर्व भागात घरोघरी मागांची खटखट, चादरी आणि टॉवेल तर गावाच्या नावानेच विकले जातात. अशा गावातही प्रत्येक घरात जुन्या कापडांचे थर जोडून वाकळ शिवली जायची. आपण वाकळ म्हणायचो, शेजारच्या कानडी काकू कौदी म्हणायच्या आणि मागावरची तेलुगू माणसं बोंत. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचं तर खाली सतरंजी आणि पहाटेच्या गार वाऱ्याला अंगावर वाकळ. चार भाषांच्या गावात हे पांघरूण सगळ्यांचं एकच होतं.

आता घाणीचं. नव्या सुती कापडावर खळ असते, कारखान्यातलं फिनिशही असतं. म्हणून ते कडक लागतं आणि सुरुवातीला पाणी नीट शोषत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या साडीत यातलं काही उरत नाही. धागा मोकळा झालेला असतो, कापड पाणी चटकन ओढून घेतं, पातळ असल्याने लगेच वाळतं. बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करणार, तिथे हाच गुण लागतो. अस्वच्छता जुनेपणात नसते, न धुण्यात असते. पणजी 91 वर्षं जगली, तिचं आयुष्य बाळाला लाभावं, असंही आज्जी म्हणेल. ते तिचं म्हणणं आहे. तू मानायलाच हवं असं नाही, मी स्वतः किती मानते तेही मला नक्की सांगता येणार नाही.

शिवायला बसलीस तर पुढचं वाच. नको वाटलं तर आज्जीला नुसती सुई ओवून दे, तेवढंही तिला पुष्कळ होईल.

साडीला फॉल लावलेला असेल तर पहिलं काम तो उसवायचं. टाके एकेक कापून काढ, ओढू नकोस, जुनं कापड त्या रेषेवरच फाटतं. मग साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाल. सकाळी गरम पाण्यात साबणाने धू, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढ आणि कडक उन्हात वाळव. सोलापूरच्या मे महिन्यात तासाभरात वाळेल. खळ घालायची नाही, सुवासाचं काही घालायचं नाही. धुण्याआधी ओलं पांढरं फडकं पदरावर घासून बघ. इरकलीच्या पदराचा लाल रंग फडक्याला लागला तर पदर वेगळा ठेव. तो नाहीतरी रेशमी असतो, सुतासारखा धुतला जात नाही आणि दुपट्यात आकसतो. पदर अंगाला जोडलेला असतो तो सांधाही टाळ. काठ दोन्हीकडून काढून टाक, त्याची वीण घट्ट असते आणि सुई अडते.

मग कापड उजेडासमोर धर. जिथून पलीकडची खिडकी स्पष्ट दिसेल तिथे ते विरलंय. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघ, चर्रकन आवाज आला तर तो भाग आतल्या थरात घाल. चांगला भाग वर आणि खाली.

मापं इंचांत देते, आज्जीची टेप इंचांचीच आहे. तयार दुपटं 36 बाय 30. खालचा थर 39 बाय 33, म्हणजे चारी बाजूंनी दीड इंच जास्त, तोच वर दुमडून किनार होते. वरचा थर 36 बाय 30, आतले दोन 35 बाय 29. आतले लहान अशासाठी की किनारीत चार पदरी जाडी आली तर तुरपाई करताना सुई वाकते. लांबी साडीच्या लांबीवरच घे. चारी तुकड्यांना मिळून 145 इंच लागतात, म्हणजे चार वारांहून इंचभर जास्त. पणजीची साडी नऊवारी, तेव्हा निम्मी शिल्लक राहील. कात्रीने नुसता इंचभर छेद दे आणि पुढे फाड, कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्रीने कापलं तर हमखास तिरकं जातं आणि दुपटं धुतल्यावर मुरगळतं. विरलेला भाग मात्र कात्रीनेच काप.

ऊब यावी म्हणून मधे सोलापुरी चादर किंवा टॉवेलचा तुकडा घालावा, असं तुला वाटेल. घालू नकोस. चादर इतकी जाड की हाताची सुई तिच्यातून सरळ जात नाही, आणि आतून ओली राहिली की वास धरते. टॉवेलच्या विणीतले फासे सुईत अडकतात.

मधल्या खोलीतली शहाबादी फरशी पुसून कोरडी कर. खालचा थर उलट बाजू वर करून पसर, त्यावर आतले दोन, शेवटी वरचा. प्रत्येक थर टाकला की तळहाताने मधून बाहेर सारत जा. कोपऱ्यांवर तांब्या, डबा, काहीही जड ठेव. मग कच्चा दोरा, दोन-दोन इंचांचे मोठे टाके, आणि सुरुवात नेमकी मधोमध. आधी उभी रेघ, मग आडवी, मग दर पाच इंचांवर एकेक. किनारीपासून सुरू केलंस तर सगळी ढिलाई मधे गोळा होते आणि फुगा येतो. तो नंतर कशानेही बसत नाही, सगळं उसवावं लागतं. टाचण्या वापरल्यास तर मोजून लाव आणि मोजून काढ. बाळाचं दुपटं आहे, एकही आत राहता कामा नये.

आता किनार. बाहेर आलेलं दीड इंच कापड आधी अर्धा इंच आत दुमड, मग राहिलेला इंच वरच्या थरावर घे आणि बारीक तुरपाई कर. कोपऱ्याचं टोक आधी तिरकं दुमड, मग दोन्ही बाजू त्यावर आण. तसं केलं नाही तर कोपऱ्यात गाठोडं होतं आणि तेच बाळाला टोचतं.

मग खरा धावदोरा. दोरा सुतीच घे, नव्या पेठेत मिळेल. पॉलिस्टरचा नको, तो जुन्या कापडाहून चिवट असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड चिरत जातं. 36 इंच दोरा कापून दुहेरी कर, म्हणजे कामाला 18 इंच. त्याहून लांब घेतलास की पीळ पडून गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घे. सुई लांब, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, ते पोती शिवायला. मधल्या बोटात अंगुस्तान घाल, पहिल्याच दिवशी बोटाला भोकं पडली तर दुसऱ्या दिवशी तू बसणार नाहीस.

शिवण किनारीकडून आत येते, चौकोनात चौकोन. दोन रेघांत दोन बोटांचं अंतर, साधारण दीड इंच. आज्जी एका बोटाचं ठेवते, तुला पहिल्या खेपेला दोन पुरे. पण त्याहून विरळ नको. जुन्या कापडाला ताकद टाक्यांचीच असते, मधे मोकळी जागा राहिली की धुताना तिथेच फाटतं. टाका पाव इंचाचा, वर पाव, खाली पाव. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घे, मग दोरा ओढ, आणि दर वितीला शिवलेला भाग दोन्ही हातांनी हलका ताणून सपाट कर. इथेच सगळ्यांचं चुकतं. दोरा घट्ट ओढला की कापड आकसतं, दोन-तीन चौकोनांनंतर दुपटं फरशीवर सपाट बसत नाही, परातीसारखं वाकतं. भीतीने ढिला सोडला तर फासे राहतात, आणि त्यात तान्ह्या बाळाचं बोट अडकू शकतं. शेवटी दुपट्याच्या दोन्ही अंगांवरून तळहात फिरव, करंगळीचं नख अडकलं तरी तो टाका उसवून परत घाल. गाठ वर दिसू द्यायची नाही, सुई दोन थरांच्या मधून घालून गाठ आत ओढून घ्यायची. सगळा धावदोरा झाल्यावर कच्चा दोरा काढ.

हिशेब करून बघितला मी. नऊ चौकोन आणि मधली छोटी रेघ मिळून साडेसहाशे इंच, तेराशेच्या आसपास टाके, पन्नासेक वेळा सुई ओवणं. पहिला चौकोन 120 इंचांचा आहे म्हणून तो संपतच नाही असं वाटेल. शेवटचा फक्त 24 इंचांचा, तो बोलता बोलता होतो. बाळ आज तीन दिवसांचं, बारशाला नऊ दिवस आहेत. धुणं, फाडणं, टाचणं, किनार यात तीन दिवस धर. मग रोज 130 इंच केलेस तर पाच दिवसांत होतं आणि शेवटचा दिवस धुऊन वाळवायला उरतो.

उरलेल्या कापडाचे लंगोट आज्जी मशीनवर करेल. 24 इंचांचा चौकोन कर्णात कापला की दोन होतात. तिरकी बाजू ताणली जाते, ती मशीनखाली ओढायची नाही, एवढंच. कुंची खणाची असते आणि ती बाळाच्या डोक्याचं माप घेतल्याशिवाय जमत नाही, ती आज्जीवर सोड.

एक गोष्ट मात्र मी आज्जीच्या बाजूने बोलणार नाही. आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळून, वर आणखी एक पांघरूण घालून, कुंचीचे बंद गळ्याशी बांधून झोपवायची पद्धत होती. आता डॉक्टर सांगतात की बाळ पाठीवरच झोपवायचं आणि पहिलं वर्षभर त्याच्या अंगावर किंवा तोंडाजवळ सैल कापड ठेवायचं नाही. ते बरोबर आहे. दुपटं मांडीवर घेताना, तेल लावताना, ऊन दाखवताना खाली अंथरायला. कुंची बारशाला घाला, पण झोपताना काढा. हे आज्जीला तू सांगू नकोस, मी संध्याकाळी फोन करून सांगेन. तिला माझ्याकडून ऐकलेलं कमी लागेल.

आणि आज जेवायला बसलीस की तिला विचार, साडीचा कुठला भाग वर घेऊ म्हणून. पणजीची ती इरकल काळी आहे. काळ्यावर पांढरा दोरा घे, टाके सरळ येतात का ते तुला दिसेल. फॉल असेल तर तो मात्र दिवसाउजेडीच उसव, काळ्या कापडातला काळा टाका दिव्याच्या उजेडात सापडत नाही.

तुझी,
आई