वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात घरी येऊन सर्व्हेवाला भाडं विचारून गेला, आता वेरा (घरपट्टी) वाढेल का?

नाही, तो केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा माणूस असेल तर त्या उत्तरावरून वेरा वाढत नाही. सांख्यिकी संग्रह अधिनियम, 2008 मध्येच लिहिलंय की अशी माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची. तुमचंच घर का? आधी शहरातले काही ब्लॉक निवडतात, तिथल्या घरांची यादी करतात आणि त्यातून मोजकीच कुटुंबं काढतात. 2018 च्या 76व्या फेरीत तर भिंती, छत, पाणी, संडास, सगळंच विचारलं होतं! मात्र माणूस महानगरपालिकेचा असेल तर गोष्ट वेगळी: घरात मालक राहतो की भाडेकरू, यानं तिथे वेऱ्यात फरक पडतो. म्हणून पुढच्या वेळी आधी ओळखपत्र बघा.