जागा बदलू नकोस, वेळ बदल

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिपना नदीकाठच्या तुझ्या लॉजवर पाहुणे येतात, तीन दिवस जिप्सीत फिरतात, वाघ दिसत नाही, आणि सामान गाडीत टाकताना तुझ्यादेखत म्हणतात, "मेळघाटात काही नाही." ते ऐकून ऐकून आता तुलाही तसंच वाटायला लागलंय. ताडोब्याजवळ एका रिसॉर्टमध्ये पगार जास्त आहे, वाघ हमखास दिसतो, जावं का, असं तू विचारतेस. तुझं जंगलावर प्रेम आहे का, हा प्रश्न आपल्यात नकोच. ते नसतं तर तू चार पानं लिहिली नसतीस आणि मी ती वाचली नसती.

ताडोबा उत्तम जंगल आहे. जायचं तर पगारासाठी जा, त्यात कमीपणा नाही. पण "इथे काही नाही" हे कारण घेऊन जाणार असशील तर मला ते पटत नाही, आणि मी स्पष्टच सांगतो. माझं आयुष्यभराचं म्हणणं एकच आहे: जागा बदलू नकोस, वेळ बदल.

तुझ्या लॉजच्या मागच्या कुंपणाला लागून मोहाचं मोठं झाड आहे. ते तू किती वेळा पाहिलंस? पाहुण्यांना नाश्ता देताना, आठ वाजता. रोज आठ वाजता. मार्च-एप्रिलात त्या मोहाची फुलं रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत गळतात. अंधारात फांद्यांवर वटवाघळं लोंबतात, खाली अस्वल येऊन जातं. (पहाटे एकटी झाडाखाली जायचं नाही. व्हरांड्यात बस, कान उघडे ठेव.) फटफटलं की कोरकू आदिवासी बाया टोपल्या घेऊन फुलं वेचायला येतात. त्या गेल्या की उरलंसुरलं खायला चितळ येतं, आणि दुपारी सातभाई पक्ष्यांचा थवा सगळा पाचोळा उलथापालथा करतो. तू आठ वाजता बघतेस तेव्हा एक मुक्काम उठलेला असतो आणि दुसरा पडायचा असतो. झाड तेच आहे. तुझी वेळ तेवढी एकच आहे.

सातभाईंबद्दल तू एक ओळ लिहिलीस, "सातभाई वगैरे नेहमीचेच." त्या 'वगैरे'चा मला राग आला. बाकीचे पाचोळ्यात तोंड घालून बसतात तेव्हा एखादा उंच फांदीवर पहारा देतो, हे तू पाहिलंयस? त्यांची पिल्लं एकटे आई-बाप वाढवत नाहीत, थव्यातले इतरही चारा आणतात, हे बघितलंस? नसेल, तर जूनच्या अखेरीस बघ. मी त्या मोहाखालीच पाहिलं होतं. पाच-सहा सातभाई एका पिल्लाभोवती नाचत होते. पिल्लू त्यांच्यासारखं मातकट नव्हतं. छातीवर तपकिरी रेघोट्या, शेपटीवर आडवे पट्टे, आणि तोंड इतकं मोठं उघडलेलं की चारा देणाऱ्याचं डोकंच आत जाईल. एक सातभाई अळी घेऊन आला, ती भरवली आणि मागे सरला, तोवर दुसरा नाकतोडा घेऊन हजर. ते पिल्लू पावशाचं होतं. तोच पावशा, जो मे महिन्यात रात्री-अपरात्री "पेर्ते व्हा" ओरडून तुझ्या पाहुण्यांची झोप मोडतो. तो आपलं निळं अंडं सातभाईंच्या निळ्या अंड्यांत ठेवून जातो. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा हा पक्षी स्वतःचं पोर दुसऱ्याच्या घरात वाढवतो. हे सगळं नाश्त्याच्या टेबलापासून थोड्या अंतरावर चालतं, आणि पाहुण्यांना ते दाखवणारं कुणी नसतं म्हणून ते "काही नाही" म्हणत निघून जातात. ते दाखवणं तुझं काम आहे.

वानरं झाडावर खाता खाता निम्मी पानं-फळं खाली टाकतात, ती खायला चितळ येतात आणि वानरांच्या इशाऱ्यावर कान ठेवतात. भृंगराज पक्षी दुसऱ्यांचे आवाज काढतो, आठवडाभर त्याच्याकडे कान ठेव. पावसाळ्याच्या शेवटाला सागाच्या पानांची जाळी होते आणि पाहुणे विचारतात, "रोग पडला का?" नाही. एका पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधलं सगळं खातात. साग त्याने मरत नाही, आणि कीटक खाणाऱ्या पाखरांची मात्र चंगळ होते. हे सांगायला वाघ लागत नाही.

आता रानपिंगळ्याकडे, त्या छोट्या घुबडाकडे, येतो. नाव तुला माहीत आहे, पण गोष्ट पुन्हा ऐक. पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याची नोंद केली. १८८४ नंतर त्याचा पत्ता लागेना. पुढे गुजरातेतल्या मांडवीजवळ १९१४ साली मारलेला म्हणून एक नमुना रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात निघाला, आणि शोधणारे त्या नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर विसंबून राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. तो चोरलेला, जुनाच नमुना होता, चिठ्ठी खोटी होती. मग त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नमुन्यांच्या ठिकाणी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. सकाळच्या उजेडात, निष्पर्ण फांदीवर बसलेला. ११३ वर्षांनी! तो रात्रीचा पक्षी नाहीच, दिवसा वावरतो. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली, म्हणजे तुझ्याच सागवानात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पंख-शेपटीचे पट्टे ठळक आणि पोट स्वच्छ पांढरं. पण हा फरक कुणाला कळणार? ज्याने साधा पिंगळा इतक्या वेळा, इतक्या उजेडांत बघितलाय की वेगळा आला तर मान वर होईल, त्यालाच. साधं नीट पाहिल्याशिवाय दुर्मीळ ओळखता येत नाही.

मलाही बोलावणी आली होती, मोठ्या ठिकाणांहून. मी गेलो नाही. घरचे म्हणाले, सातभाई मोजत आयुष्य घालवलंस. पण एका आवाराच्या वह्या माझ्याकडे आहेत. कोणत्या वर्षी पावशा कधी बोलला, मोह कधी गळायला लागला, सगळं त्यात आहे. फिरत राहिलो असतो तर माझ्याकडे फोटो असते आणि वह्या नसत्या. मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं, आणि हे मी तुझ्यापेक्षा स्वतःलाच जास्त सांगतोय असं कुणी म्हटलं तरी माझं मत तेच राहील.

खंत एक आहे. आमचा कोरकू चौकीदार वानराच्या ओरडण्याच्या ढंगावरून काय चालून गेलं ते सांगायचा. मी त्या आवारात गेलो तेव्हा तो थकला होता, दोन पावसाळ्यांत गेला. त्याच्याकडचं कुणी लिहून घेतलं नव्हतं, माझ्या हाती आलं ते फार थोडं. तुझ्या लॉजवर स्वयंपाकाला येणाऱ्या काकू त्याच भागातल्या आहेत ना? संध्याकाळी त्यांच्याशेजारी वही घेऊन बस. हप्त्यांवर मोठी लेन्स घ्यायचं तू लिहिलंयस, ते आत्ता राहू दे. आधी वही. तारीख, वेळ, ऊन-ढग, कोण, किती, काय करत होते. नाव माहीत नसेल तर दिसलं तसं मराठीत लिही, नाव मागाहून लागतं.

शेवटी ती खोली नंबर दोनच्या चौकटीवर कुंभारीण माशीने केलेली मातीची घरं. मालक रंगकामाआधी ती खरवडायला सांगताहेत, असं तू लिहिलंस. एका विश्रामगृहात साहेब येणार म्हणून माझ्यासमोर अशी घरं झाडूने पाडली गेली होती. फुटलेल्या मातीत लहान लहान कोळी होते, दंश करून लुळे केलेले पण जिवंत, पाय अजून हलत होते, आणि त्यांत पिवळसर अळी. अंडं घालून तिने अळीसाठी ताजं अन्न भरून ठेवलं होतं. नळाच्या ओल्या मातीचा एकेक गोळा आणून बांधलेलं ते घर एका फटक्यात गेलं. तुझ्याकडे ते होऊ देऊ नकोस. मालकांना सांग, महिनाभर ती चौकट सोडून बाकी भिंत रंगवा, आणि पाहुण्यांना रोज सकाळी त्या चौकटीपाशी उभं कर. त्यांनी ऐकलं नाही तर माझा नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
काका