मुलांच्या पोटात भाजीतून आणि पाण्यातून जाणारं कीटकनाशक कमी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरला लागूनच राहता, घरात तीन आणि सहा वर्षांची दोन पोरं आहेत, भाजी मिठाच्या पाण्यात धुता आणि बोअरचं पाणी उकळून देता. एवढं पुरेल का? नाही पुरणार. पण म्हणून घाबरून पोरांची भाजी कमी करू नका, त्यात नुकसान जास्त.

आधी माझं सांगतो. करवीर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटते ते मीच विकतो. आमच्याकडं त्याला कीटकनाशक कुणी म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. खोकल्याचंही औषध आणि वांग्यावरचंही औषध, सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

प्रत्येक औषधाच्या लेबलवर, मारल्यावर किती दिवसांनी माल काढायचा ते छापलेलं असतं. इमामेक्टिन हे अळीचं औषध भेंडीवर मारलं तर पाच दिवस थांबायचं, कोबीवर मारलं तर तीन. आता भेंडीचा तोडा असतो दिवसाआड. पाच दिवस थांबलं तर भेंडी जून होते, ती बाजारात कोण घेणार? म्हणून काल फवारलेली भेंडी उद्या पाटीत येते. मी काउंटरवर दिवस सांगतो, समोरचा मान डोलावतो आणि दोघांनाही माहीत असतं काय होणार ते. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, किडकी भेंडी आपणच बाजूला टाकतो. भेंडी, वांगी, काकडी, ढबू, म्हणजे ज्याचे तोडे चालूच राहतात, तिथं ही अडचण जास्त. दुधी, लाल भोपळा, कांदा, बटाटा, रताळं यांची साल जाते, त्यामुळं वरचं बरंचसं सालीबरोबर जातं. आमच्या घरी भेंडी बंद नाही, पण आठवड्यातून एकदाच. रोज वेगळी भाजी असली की एकच औषध रोज पोटात जात नाही.

बाजारात "औषध मारलंय का?" असं विचारलं तर "न्हाई ओ" हेच उत्तर मिळतं. "शेवटचं कधी मारलं?" असं विचारा. कपिलतीर्थ मार्केटातल्या व्यापाऱ्याला ते माहीत नसतं, पण आठवडी बाजारात स्वतःच्या रानातला माल घेऊन बसलेली मावशी खरं सांगते. दोन-चार जणी धरून ठेवा.

धुण्याचं म्हणाल तर मिठापेक्षा खायचा सोडा बरा. लिटरभर पाण्यात साधारण दोन चमचे, त्यात पंधरा मिनिटं ठेवायचं, मग नळाखाली चोळून धुवायचं. अमेरिकेत २०१७ मध्ये सफरचंदांवर हे करून बघितलं होतं. दोन औषधं मारली होती. वरचं बरंच निघालं, पण त्यातलं एक सालीत मुरलं होतं, ते काही पूर्ण निघालं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पर्शजन्य औषध धुतलं जातं, आंतरप्रवाही झाडाच्या रसात गेलेलं असतं, त्याला सोडा काय करणार?

सेंद्रिय परवडत असेल तर सगळंच घ्यायला हवं असं नाही. २००६ मध्ये तिकडच्याच एका अभ्यासात २३ मुलांना पाच दिवस सेंद्रिय खायला दिलं, तर लघवीतले मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन कीटकनाशकांचे अंश जवळपास नाहीसे झाले. नेहमीचं जेवण सुरू झालं की परत आले. म्हणजे ही औषधं अंगात साठून राहत नाहीत, रोजचं रोज येतात आणि जातात. त्यामुळं पोरं साल न काढता जास्त खातात तेवढंच, समजा द्राक्षं आणि काकडी, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलं तरी फरक पडतो.

आता पाणी. उकळल्यानं जंतू मरतात, औषध जात नाही. उलट पाणी आटलं की उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढू शकतं. यूव्हीचंही तेच. औषध धरून ठेवतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन, किंवा आरओ. पण कार्बन भरला की त्याचा उपयोग संपतो, आणि तो वेळेवर बदलणारी घरं मी फार थोडी बघितलीत. शहरात काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ मध्ये आलं. तसा नळ असेल तर मी तोच वापरीन. तुमचं बोअर उसाच्या फडाला लागून असेल तर मात्र तपासून घ्या. उसात तणासाठी ॲट्राझिन मारतात आणि ते झिरपून खाली जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. साध्या किटवर ते दिसत नाही, लॅबमध्ये 'कीटकनाशक अवशेष' असं स्पष्ट सांगून तपासणी मागावी लागते. ती महाग पडते. आधी नायट्रेट तपासा, ते स्वस्तात होतं. ते जास्त आलं तर शेतातलं पाणी तुमच्या बोअरात उतरतंय असं समजायला जागा आहे, मग पुढचा खर्च करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. घरातलं औषध. माझी धाकटी रांगत होती तेव्हा मी दुकानातला शर्ट न बदलता तिला उचलून घ्यायचो. एक दिवस बायकोला तिच्या जावळाला औषधाचा वास आला. तेव्हापासून दुकानाचे कपडे बाहेरच, धुणंही वेगळं. मुंग्यांचा खडू, धान्यातल्या पाऱ्याच्या गोळ्या, मोरीत ठेवलेली झुरळांची बाटली, सगळं आजच उचला. धान्याला कडुनिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेल पुरतं. रिकाम्या औषधाच्या डब्यात पाणी किंवा तेल भरणारे लोक मला अजून भेटतात. तुमच्या आजोळी असं काही असेल तर डबा ठेचून टाका.

आणि पोरानं कधी चुकून काही तोंडात घातलंच तर उलटी करायला लावू नका. डबा लेबलसकट बरोबर घ्या आणि कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल ते गाठा. डॉक्टरांना पहिल्यांदा आतल्या औषधाचं नाव लागतं, आणि ते लेबलवरच असतं.