ट्रान्झिस्टर कळत नाही म्हणून शाखा बदलू का?

प्रश्न: मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला आहे. ट्रान्झिस्टरच्या आकृत्या पाठ आहेत, पण प्रॅक्टिकलला साधा एलईडीही लागत नाही. घरचे म्हणतात, कॉम्प्युटरकडे वळ. काय करू?

उत्तर: एवढ्यावरून शाखा बदलू नकोस. तुझी अडचण आकलनाची कमी आणि मोजमापाची जास्त वाटते. पुस्तकं इलेक्ट्रॉन आणि होलपासून सुरू होतात, पण सर्किट जुळवताना आधी कळायला हवं ते कुठे किती व्होल्ट दिसायला हवेत.

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर घे. सपाट बाजू तुझ्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू एन ३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये हाच क्रम उलटा असतो, म्हणून नंबर वाचल्याशिवाय लावू नकोस. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर अर्धवट चालतो आणि चूक लपून राहते. मल्टिमीटर डायोड तपासायच्या सेटिंगवर ठेवून लाल प्रोब बेसला लाव. काळा प्रोब उरलेल्या दोन्ही पायांना लावल्यावर ०.६ ते ०.७ दिसायला हवं. एमिटरकडचं रीडिंग किंचित जास्त येतं.

आता ५ व्होल्टपासून ३३० ओहम, लाल एलईडी, मग कलेक्टर, एमिटर ग्राउंडला. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणून करंट सुमारे ८.५ मिलिअँपिअर. स्विच म्हणून वापरताना बेसला त्याचा दहावा भाग द्यावा, म्हणजे ०.८५ मिलिअँपिअर. त्यासाठी ५ व्होल्ट आणि बेसच्या मध्ये रेझिस्टर हवा: (५ − ०.७) भागिले ०.८५ मिलिअँपिअर म्हणजे साधारण ५ किलोओहम, बाजारात ४.७ मिळतो. बेसला रेझिस्टरशिवाय थेट ५ व्होल्ट दिलेस तर ट्रान्झिस्टर जळेल.

कलेक्टर-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टच्या आत दिसले की स्विच पूर्ण चालू आहे. साडेतीन किंवा त्याहून जास्त दिसले आणि एलईडी बंद असेल, तर बेसला करंट पोचत नाही: तार सैल असेल, किंवा ब्रेडबोर्डची पॉवरची लांब पट्टी मधेच तुटलेली असेल. काही बोर्डांवर ती दोन तुकड्यांतच असते. ० दिसले आणि एलईडी बंद असेल, तर एलईडी उलटा आहे किंवा त्याच्या वाटेवर तार सुटली आहे. करंटसाठी मीटर मध्ये घालून फ्यूज उडवण्यापेक्षा रेझिस्टरवरचे व्होल्ट मोज आणि ओहमने भाग.

आता खरा धडा. ४.७ किलोच्या जागी १ मेगाओहम लाव. बेसचा करंट ४.३ मायक्रोअँपिअरवर येतो, एलईडी मंद होतो आणि कलेक्टर-एमिटरमध्ये अडीच-तीन व्होल्टच्या आसपास दिसतात. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्या मधला हाच अ‍ॅक्टिव्ह रीजन. अ‍ॅम्प्लिफायर इथेच चालतो. दुसरा बीसी ५४७ बसव, रीडिंग बदलेल, कारण या नंबरचा गेन, म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट ते, ११० पासून ८०० पर्यंत असू शकतो. बायसिंगच्या धड्यात दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आणि एमिटर रेझिस्टर कशासाठी आहेत, ते इथे समजतं. गेनमधल्या फरकाने सर्किट बिघडू नये म्हणून.

पुढे रिले (कॉइलने चालणारा स्विच) चालवायचा झाल्यास कॉइलला १एन४००७ हा डायोड उलटा जोड, पट्टी प्लसकडे. नाहीतर रिले बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टर मारतो. रिलेला सिग्नल देणारा आर्डुइनो बोर्ड आणि रिले यांची सप्लाय वेगळी असेल तर दोन्हींचं ग्राउंड एकत्र हवंच. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हे पुष्कळदा राहून जातं.

हे दोन-तीन आठवडे कर आणि मग शाखेचा विचार कर. बिघाड शोधताना वेळेचं भान राहत नसेल, तर टेस्टिंग, पीसीबी डिझाइन, सर्व्हिस या कामांत तू टिकशील. रिले चालवणारा कोड लिहिण्यात जास्त मजा आली तर एम्बेडेड, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिपसाठी कोड लिहिण्याचं क्षेत्र बघ; तिथे सी भाषा आणि मल्टिमीटर दोन्ही लागतात. दोन्हींत मन नाही रमलं, तरी आत्ता एक वर्ष वाया घालवायचं कारण नाही. डिप्लोमा पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षाच्या डिग्रीला जाताना कॉम्प्युटरचा विचार करता येतो. त्या वर्षीची प्रवेश नियमावली घरच्यांसोबत बसून वाच.