बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून कसे निवडून आले?

तुम्ही विचारलंय की बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पोहोचले ते कशाच्या जोरावर. त्यांची पार्श्वभूमी काय, त्यांनी मतं कशावर मागितली, आणि इतके उमेदवार असताना लोकांनी त्यांनाच का निवडलं. मी त्यांच्याच मतदारसंघात, डेट्रॉइटजवळच्या टेलर गावात राहते आणि २०२२च्या प्रायमरीत मत दिलं आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इथे ते मतदार देतात, आणि त्यासाठी जे मतदान होतं ती प्रायमरी. मिशिगनमध्ये त्यासाठी पक्षाचं सभासद असावं लागत नाही. ऑगस्टमध्ये मतपत्रिका घ्यायची, एका पक्षाचा रकाना निवडायचा आणि त्यातल्याच उमेदवारांना मत द्यायचं. आमचा १३वा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना ७१ टक्के मतं मिळाली. पण खरी निवडणूक २ ऑगस्टलाच होऊन गेली होती, आणि ती त्यांनी २८ टक्के मतांवर जिंकली होती. हा २८चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांचं बालपण बेळगावात, बेताच्या परिस्थितीत गेलं. श्री १४ वर्षांचे असताना वडील निवृत्त झाले आणि घर चालवायला हातभार म्हणून त्यांना किरकोळ कामं करावी लागली. रसायनशास्त्राची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी. १९७९ साली ते ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठात पीएचडीसाठी आले. १९८८मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. १९९१मध्ये ७५ हजार डॉलरचं कर्ज काढून त्यांनी सेंट लुइसमधली केमिर ही छोटी प्रयोगशाळा विकत घेतली. तेव्हा तिथे तीन माणसं होती. पुढे ती संख्या दीडशेच्या वर गेली.

महाराष्ट्रात बहुतेकांना त्यांची गोष्ट इथपर्यंतच माहीत असते, कारण 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र पुष्कळ वाचलं गेलं आणि ते या भरभराटीच्या काळातलं आहे. त्यानंतर मात्र मोठी पडझड झाली. धंदा वाढवायला काढलेली कर्जं मंदीत अंगावर आली आणि २०१०मध्ये बँकेने कंपनी ताब्यात घेतली. न्यू जर्सीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत शंभरहून जास्त बीगल कुत्री अडकली होती, त्यांना नंतर प्राणिमित्र संस्थांनी बाहेर काढलं. तोवर सगळं बँकेच्या ताब्यात गेलं होतं, असं ठाणेदारांचं म्हणणं. तरी तो विषय त्यांच्या प्रत्येक निवडणुकीत निघतो. पन्नाशी उलटल्यावर ते ॲन आर्बरला आले, ॲव्होमीन नावाची नवी प्रयोगशाळा काढली आणि २०१६मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. त्यांचं राजकारण उभं राहिलं ते या पैशावर.

२०१८मध्ये ते थेट गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले. पदरचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले आणि तिसरे आले. पण डेट्रॉइट शहरात त्यांना चांगली मतं पडली. मग ॲन आर्बर सोडून ते डेट्रॉइटमध्ये राहायला गेले आणि २०२०मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेवर निवडून आले.

आता २०२२च्या निवडणुकीतली त्यांची भूमिका. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा, ताशी किमान १५ डॉलर मजुरी, सार्वजनिक शाळांना बळ, गर्भपाताचा हक्क. त्या वर्षी मिशिगनची किमान मजुरी होती ९ डॉलर ८७ सेंट, त्यावरून १५ डॉलर म्हणजे केवढी झेप ते कळेल. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं इतर उमेदवारही थोड्याफार फरकाने बोलत होते. ठाणेदारांचं वेगळेपण हे की ते गरिबीबद्दल बोलायचे ती स्वतः भोगलेली होती. मी औषधांच्या दुकानात काम करते. किंमत ऐकल्यावर इन्सुलिनची पेटी काउंटरवर तशीच ठेवून निघून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, मागे जाऊन हाक मारली तरी ती थांबत नाहीत. म्हणून आरोग्यविम्याच्या मुद्द्यावर मी त्यांना मत दिलं. मराठी म्हणून दिलं असतं तर मला स्वतःलाच पटलं नसतं.

पण ही निवडणूक धोरणांवर कमी आणि एका वेगळ्याच प्रश्नावर जास्त झाली. जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी झाली आणि स्वतंत्र नागरिक आयोगाने सगळ्या सीमा नव्याने आखल्या. डेट्रॉइट शहरात तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. नव्या १३व्यात मात्र शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क आणि टेलर-रोम्युलससारखी उपनगरं एकत्र आली, आणि कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या आत गेले. त्यात खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या आणि रशिदा तलैब यांनी शेजारचा १२वा मतदारसंघ निवडला. जागा मोकळी झाली.

रिंगणात नऊ जण उतरले. मतविभागणी म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शहरातल्या कृष्णवर्णीय नेत्यांना धोका दिसत होता. एकच नाव ठरवायला त्यांनी समिती नेमली आणि राज्य सिनेटर ॲडम होलियर यांना पाठिंबा दिला. पण मावळत्या खासदार लॉरेन्स या पोर्शिया रॉबर्सन या दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि पन्नासहून जास्त वर्षं खासदार राहिलेल्या जॉन कॉन्यर्स यांचे चिरंजीवही मैदानात होतेच. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले. टीव्हीवर, रस्त्यावरच्या फलकांवर, टपालात, जिकडे पाहावं तिकडे तेच. दुसरीकडे इस्रायलसमर्थक युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट या गटाने होलियर यांच्यासाठी ४० लाखांहून जास्त डॉलर खर्च केले, कारण विधानसभेत ठाणेदारांनी इस्रायलची मदत थांबवा अशा ठरावाला साथ दिली होती. ती भूमिका त्यांनी नंतर पूर्ण बदलली आणि आज ते इस्रायलचे ठाम समर्थक आहेत. इतक्या मोठ्या प्रश्नावर एवढा बदल कसा झाला, हे मतदार म्हणून मला त्यांच्या तोंडून नीट ऐकायचं आहे.

निकाल लागला तेव्हा ठाणेदार २८ टक्के, होलियर सुमारे २४, रॉबर्सन तिसऱ्या. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, जो पुढे तो जिंकला. साधारण २२ हजार मतांवर पावणेआठ लाख लोकांचा प्रतिनिधी ठरला. मी त्या २२ हजारांतली एक असूनही म्हणते, हे बरोबर नाही. निम्मी मतं कुणालाच नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान व्हायला हवं. २०२४मध्येही होलियर उभे राहणार होते, पण अर्जासाठी लागणाऱ्या १,००० वैध सह्या भरल्या नाहीत म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. ठाणेदार पुन्हा जिंकले, या वेळी निम्म्याहून जास्त मतं मिळवून.

महाराष्ट्रात त्यांच्याकडे 'आपला माणूस' म्हणून पाहतात आणि ते स्वाभाविक आहे. डेट्रॉइटच्या कित्येक लोकांच्या लेखी मात्र ते उपरा उमेदवार होते, बाहेरून पैसा घेऊन आलेले. उपरा म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात आपण किती चटकन ओळखतो! तोच शब्द आपल्या माणसाला लागला की झोंबतो, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि तरी मी म्हणेन, ज्या गावात दिवसातून तीन कामं करूनही भागत नाही तिथे 'मीही हे केलंय' असं सांगणाऱ्याला लोकांनी मत दिलं, त्यात नुसत्या जाहिराती नव्हत्या.

माझ्या शेजारी एक निवृत्त बाई राहतात. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या, जन्म डेट्रॉइटचा. मतदानाला आम्ही एकाच गाडीतून गेलो. त्यांनी होलियर यांना मत दिलं, मी ठाणेदारांना, आणि येताना दोघींनी एकमेकींना तसं सांगितलंही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी आनंदात त्यांच्याकडे गेले. त्या रागावल्या नव्हत्या. चहा केला, आणि मग म्हणाल्या की चार्ल्स डिग्ज हे कृष्णवर्णीय नेते १९५४मध्ये डेट्रॉइटमधून पहिल्यांदा निवडून आले तेव्हा आपल्या आईने डिग्ज यांना मत दिलं होतं, आणि तेव्हापासून डेट्रॉइटचा निदान एक तरी कृष्णवर्णीय खासदार वॉशिंग्टनमध्ये असायचा. येत्या जानेवारीपासून कुणीच नसेल. मी बेळगावच्या मावशीला फोन करून बातमी सांगायची ठरवली होती. त्या दिवशी केला नाही, दोन दिवसांनी केला, आणि शेजारच्या बाईंचं बोलणंही तिला सांगितलं.