वजन उतरेपर्यंत कंबरेला ताटकळत ठेवू नका

तुमचं वजन ९८ किलो, कंबरदुखी दोन वर्षांची, एक्स-रेच्या रिपोर्टात 'कंबरेचा बाक वाढलाय' असा शेरा, आणि डॉक्टरांनी 'आधी वीस किलो उतरवा, मग या' म्हणून परत पाठवलेलं. वजनाने कणा वाकला का आणि तो सरळ झाल्याशिवाय दुखणं जाणारच नाही का, असं तुम्ही विचारलंय.

बारा वर्षांपूर्वी मी १०४ किलोची होते आणि मलाही हेच ऐकवलं गेलं होतं. त्यापायी माझं दीड वर्ष गेलं. कंबर दुखते म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन आणखी वर. तुमचं तसं होऊ नये असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वजनाचा संबंध आहेच. पोट पुढे आलं की शरीराचा तोल पुढे जातो आणि पाठीच्या स्नायूंना मागून सतत ओढ धरावी लागते. समजा, पोटावरचे जास्तीचे १० किलो कण्याच्या २० सेंमी पुढे आहेत. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंमी मागे असतात. म्हणजे तोल राखायला त्यांना चौपट, ४० किलोइतका जोर लावावा लागतो, आणि खालच्या मणक्यांवर ५० किलोचा भार पडतो. हिशेब ढोबळ आहे, पण रांगेत पंधरा मिनिटं उभं राहिलं की कंबर का भरून येते ते त्यातून कळतं. शिवाय चरबी नुसतं ओझं नसते. पोटातली चरबी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, त्यामुळेही दुखणं चिघळू शकतं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही तपासून घ्या. झोप मोडलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त जाणवतं.

आता बाकाचं. पोटाच्या ओढीने ओटीपोटाचं हाड पुढे कलतं, कंबरेची खोलगट कमान वाढते आणि ती सावरायला वरच्या पाठीला पोक येतो. सगळ्यांचंच असं होतं असं नाही. बसल्यावर तर उलट घडतं: पोट मांड्यांना अडतं, ओटीपोट मागे ढकललं जातं आणि कंबर गोल होते. म्हणून मी खुर्ची थोडी उंच करून घेतली, गुडघे कमरेपेक्षा खाली आणि पाय फाकवून. 'ताठ बसा' हा सल्ला मला कधीच जमला नव्हता. उंच खुर्चीवर आपोआप जमला. बुटाची नाडी बांधताना पाय स्टुलावर ठेवा. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या.

पण बाक वाढला म्हणजे दुखणारच, हे खरं नाही. खूप बाक असलेली कितीतरी माणसं मजेत असतात आणि सरळ पाठीची माणसं कळवळतात. फोटोतल्या दोषांचंही तेच. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांत मणक्यांमधली एखादी तरी चकती फुगलेली निघाली. तेव्हा त्या रिपोर्टातली ओळ म्हणजे तुमच्या कंबरेची शिक्षा नव्हे. कणा मोडका नाही, त्याला सवय आणि ताकद कमी पडतेय.

ती ताकद वजन न उतरताही येते, आणि हेच मला तुम्हाला मनापासून सांगायचंय. माझं दुखणं निम्म्यावर आलं तेव्हा काटा जेमतेम तीन किलोने हलला होता. सुरुवात रोज सात मिनिटं चालण्याने केली, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. सोबत पाठीवर झोपून नितंब उचलणं, आणि हात-गुडघ्यांवर येऊन एक हात समोर व विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवणं. गुडघे कुरकुरत असतील तर छातीभर पाण्यात चाला. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले जे लोक टप्प्याटप्प्याने चालणं वाढवत गेले, त्यांचं दुखणं परत यायला मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले. न चालणाऱ्या गटात ११२. चालताना थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं, तर काही बिघडलेलं नाही.

कंबरेच्या पट्ट्यावर विसंबू नका, आणि अंथरूण धरून तर मुळीच राहू नका.

मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. ताप किंवा काही न करता घटणारं वजन असेल तरी डॉक्टरांना लगेच सांगा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, असं होतं का? तसं असेल तर मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असू शकते. मग नुसतं चालणं वाढवून भागणार नाही. आधी तपासणी, आणि व्यायाम सायकलचा. तेवढं कळवा, मग पहिल्या महिन्याचा व्यायाम कसा लावायचा ते लिहिते.